'डोरियन ग्रे' वाचून झाल्यावर स्वतःचं पान कसं लिहावं

आमच्या वाचनगटात पुस्तक संपलं की प्रत्येकानं एक पान लिहून आणायचं, असा नियम आहे. ऑस्कर वाइल्डची 'द पिक्चर ऑफ डोरियन ग्रे' लावली तेव्हा आलेली पानं बघून मी कपाळाला हात लावला. सौंदर्य क्षणभंगुर असतं, गर्वाचं घर खाली, माणूस मनानं सुंदर हवा. मधल्या दोन-चार ओळी सोडल्या तर सगळ्यांची पानं सारखी. हे लिहायला कादंबरी वाचायची गरजच नव्हती. शाळेत प्रत्येक धड्याखाली 'या पाठातून कोणता बोध मिळतो' लिहून लिहून हाताला वळण लागलेलं असतं, ते पन्नाशीतही जात नाही. मग आम्ही तीच कादंबरी पुन्हा लावली आणि वाचायची पद्धत बदलली. ती पद्धत इथे देतोय. एकट्यानं वाचणाऱ्यालाही चालेल.

मी साहित्यातला माणूस नाही. साताऱ्यात माझा फोटो स्टुडिओ आहे. वडिलांच्या हाताखाली निगेटिव्हवर पेन्सिलीनं टचिंग शिकलो, आता तेच काम माऊसनं करतो. स्थळासाठीचे फोटो काढणाऱ्याला माणसं स्वतःच्या चेहऱ्याबद्दल काय काय बोलतात हे फार ऐकावं लागतं. या कादंबरीकडे मी त्याच खुर्चीतून बघतो. तुम्ही तुमच्या खुर्चीतून बघा, एवढंच सांगायचंय, पण ते जमवायला थोडी शिस्त लागते.

ज्यांनी अजून वाचलेली नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात. बेसिल हॉलवर्ड नावाचा चित्रकार डोरियन ग्रे या देखण्या तरुणाचं पूर्णाकृती चित्र काढतो. बेसिलचा मित्र लॉर्ड हेन्री त्या मुलाला तारुण्य किती लवकर जातं ते ऐकवतो. आपण असेच राहावं आणि म्हातारपण या चित्राला यावं, असं डोरियन बोलून जातो आणि तसंच होतं. पुढची अठरा वर्षं तो वाटेल तसा जगतो. त्याचा चेहरा विशीतलाच राहतो आणि चित्र घराच्या वरच्या बंद खोलीत सडत जातं.

आधी हातातली प्रत बघा

अनुक्रमणिका उघडा आणि प्रकरणं मोजा. तेरा असली तर तुमच्याकडे १८९० सालची आवृत्ती आहे, वीस असली तर १८९१ ची. पहिली 'लिपिंकॉट्स मंथली मॅगझीन' या मासिकाच्या जुलै १८९० च्या अंकात आली होती. छापण्याआधी संपादक स्टॉडर्ट यांनी वाइल्डला न विचारता सुमारे पाचशे शब्द उडवले होते. पुढच्या वर्षी वॉर्ड लॉक कंपनीनं पुस्तक काढलं तेव्हा वाइल्डनं सहा प्रकरणं नवी घातली, शेवटच्या एका प्रकरणाची दोन केली आणि जिथे टीकेचा जोर होता तिथे भाषा थोडी सौम्य केली. प्रोजेक्ट गुटेनबर्गवर दोन्ही आवृत्त्या फुकट मिळतात. स्टॉडर्टनं उडवलेला मजकूर परत जागेवर ठेवलेली आवृत्ती हार्वर्ड विद्यापीठाच्या प्रकाशनानं २०११ मध्ये काढली आहे, पण ती पहिल्या वाचनाला नको.

हे मोजून घ्या असं का म्हणतो, तर आमच्याकडे दोघांची जुंपली होती. एक म्हणे सिबिलचा, म्हणजे डोरियन जिच्या प्रेमात पडतो त्या नटीचा, भाऊ सूड घ्यायला येतो तो भाग फिल्मी आहे, दुसरा म्हणे कुठला भाऊ? दोघंही बरोबर होते. जेम्स व्हेन हे पात्र १८९१ मध्ये आलं. डोरियन बेसिलचा खून करतो त्या रात्री त्याचं वय एका आवृत्तीत बत्तिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवसाचं आहे आणि दुसऱ्या आवृत्तीत अडतिसाव्या. गटानं वाचणार असाल तर सगळ्यांनी वीस प्रकरणांचीच घ्या. तेरा प्रकरणांची जास्त घट्ट आहे आणि मला स्वतःला तीच आवडते, पण बैठक तिच्यावर नको. सिबिलचं घर तिच्यात नाही. त्याकडे येतोच.

प्रस्तावना शेवटी वाचा

पुस्तकाच्या तोंडाशी वाइल्डची छोटी प्रस्तावना आहे. एकेक सुटं वाक्य, प्रत्येक वाक्य कॉलेजच्या फळ्यावर लिहिण्याजोगं. पुस्तक नैतिक किंवा अनैतिक नसतं, नीट लिहिलेलं असतं नाहीतर वाईट लिहिलेलं असतं, हे त्यातलंच. ती आधी वाचलीत तर पानभर तीच उतरवून काढाल. आमच्यातल्या स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलानं तेच केलं, त्याचा निबंध छान झाला आणि त्यात कादंबरी कुठेच नव्हती.

ती प्रस्तावना पहिल्या छपाईत नव्हतीच. मासिकातली कादंबरी बघून ब्रिटनमधली वर्तमानपत्रं तुटून पडली. 'सेंट जेम्सेस गॅझेट', 'डेली क्रॉनिकल', 'स्कॉट्स ऑब्झर्व्हर', कुणी मागे राहिलं नाही. डब्ल्यू. एच. स्मिथनं आपल्या स्टॉलवरून तो अंक उचलला. वाइल्डनं संपादकांना पत्रावर पत्र लिहिली आणि मार्च १८९१ मध्ये ही वाक्यं 'फोर्टनाइटली रिव्ह्यू'मध्ये छापून मग पुस्तकाला जोडली. म्हणजे ते भांडणातलं उत्तर आहे. भांडण माहीत नसताना उत्तर वाचून काय कळणार? आधी कादंबरी वाचा, स्वतःचं मत कागदावर येऊ द्या, मग ती वाक्यं वाचा आणि पटत नसेल तर तसं लिहा.

तीन ठिकाणी थांबा आणि तिथल्या तिथे लिहा

पूर्ण वाचून मग लिहायचं ठरवलं की शेवट सगळ्यावर पाणी फिरवतो. डोरियनचं काय झालं हे कळल्यावर आपण त्याला पहिल्यापासून ओळखून होतो असं वाटायला लागतं. म्हणून मधे थांबायचं. वही नसेल तर फोनमध्ये लिहा, पण पुढचं पान उलटायच्या आधी.

पहिला थांबा आठव्या प्रकरणाच्या शेवटी. आदल्या रात्री डोरियननं झिडकारल्यावर सिबिल मेली आहे. ते माहीत नसताना दुपारी डोरियननं तिला माफीचं लांबलचक पत्र लिहिलंय. मग हेन्री येतो, ती गेल्याचं सांगतो, पाच-दहा पानं बोलतो आणि डोरियन त्याच रात्री ऑपेराला जातो. इथे एवढंच लिहा: तुम्ही त्याला माफ केलंत का, आणि कोणत्या ओळीपर्यंत? 'हो' किंवा 'नाही' लिहून भागायचं नाही, ओळ दाखवायची. आमच्यातली सिव्हिलमध्ये नर्स असलेली मुलगी म्हणाली, पत्र वाचून होईपर्यंत मी त्याच्या बाजूनं होते, पण पत्र लिहून झाल्यावर त्याला लगेच हलकं वाटलं ना, तिथे मी थांबले. पत्र पोचायच्या आत हलकं वाटलं. आठव्या प्रकरणावरचं याहून चांगलं वाक्य मला अजून मिळालेलं नाही.

दुसरा थांबा अकराव्या प्रकरणानंतर. ते प्रकरण कंटाळवाणं आहे, लाजायचं काही नाही. अत्तरं, वाद्यं, रत्नं, भरतकाम, याद्याच याद्या. मलबारच्या राजाची मोत्यांची माळ त्यात आहे, ढाक्याची मलमलही आहे. कंटाळा आला असेल तर तो कुठे सुरू झाला ते लिहा. एका प्रकरणात माणसाची इतकी वर्षं निघून जातात आणि आठवायला फक्त वस्तू उरतात, हे त्या कंटाळ्यातूनच समजतं. मी पहिल्या वेळी रत्नांपर्यंत पोचलो आणि पुढचं चाळलं. चाळलं तर चाळलं म्हणून लिहा.

तिसरा थांबा शेवटच्या प्रकरणाच्या आधी. त्याबद्दल पुढे.

लॉर्ड हेन्रीच्या वाक्यांवर खुणा करा

पेन्सिल घ्या. हेन्रीचं जे वाक्य वाचून हसू आलं त्याच्या बाजूला एक टिंब. जे खरंच पटलं त्याच्या बाजूला दोन टिंबं. वाचताना विचार करायचा नाही, फक्त टिंब द्यायचं. पुस्तक संपल्यावर दोन टिंबांची वाक्यं परत वाचा. त्यातली किती वाक्यं उलटी फिरवली तरी तेवढीच खरी वाटतात बघा. 'पुरुष थकतात म्हणून लग्न करतात, बायका उत्सुकतेपोटी करतात' या धर्तीचं बरंच सापडेल, त्यातले पुरुष आणि बायका अदलाबदल करून पाहा.

आणखी एक काम करा. हेन्री पूर्ण कादंबरीत प्रत्यक्ष काय करतो त्याची यादी करा. जेवतो, सिगारेट ओढतो, भेटायला जातो, बोलतो. त्याच्या हातून एकही गुन्हा होत नाही. बायको त्याला सोडून जाते, तर तो सांगतो की ज्याच्याबरोबर गेली तो शोपँचं संगीत फार सुरेख वाजवायचा. आमच्यातल्या मावशी, म्हणजे ज्या बैठकीला चिवडा आणतात त्या, म्हणाल्या की असा एक जण प्रत्येक लग्नात असतो, पंगतीत त्याच्या शेजारी बसायला सगळ्यांना आवडतं आणि त्याच्या घरी कुणी मुलगी देत नाही. हे त्यांनी लिहून आणलं नव्हतं. मी त्यांना लिहायला लावलं.

पापांचा रकाना

ही पद्धतीतली मुख्य पायरी, इथे वेळ द्या.

डोरियन पाप करतो हे सगळ्या वाचकांना ठाऊक असतं. आता पुस्तक उघडून दाखवा की कोणतं. सिबिलशी तो निर्दयपणे वागला, ते दिसतं. बेसिलचा खून, तोही दिसतो. प्रेताची विल्हेवाट लावायला रसायनशास्त्रज्ञ अॅलन कॅम्पबेलला त्यानं धमकावलं, पण कशाच्या जोरावर? एका कागदावर काहीतरी लिहून तो कागद त्याच्यासमोर सरकवला. कागदावर काय होतं ते वाइल्ड सांगत नाही. बाराव्या प्रकरणात बेसिल त्याला नावं मोजून दाखवतो: आत्महत्या केलेला तो गार्ड्स पलटणीतला पोरगा, नाव काळं करून इंग्लंड सोडावं लागलेला सर हेन्री अॅश्टन, एड्रियन सिंगलटन, लॉर्ड केंटचा एकुलता एक मुलगा, पर्थचा तरुण ड्यूक. यांच्याशी डोरियननं नेमकं काय केलं? एक अक्षर नाही.

कागदाला उभी घडी घाला. डाव्या बाजूला ही नावं लिहा, उजव्या बाजूला वाचताना तुमच्या डोक्यात काय आलं होतं ते. कुणाला दाखवायचं नाही, म्हणून खरं लिहा. मग पुस्तकात त्याला आधार आहे का ते तपासा.

आमच्याकडे सगळ्यांनी नंतर आपापले कागद आपणहून वाचून दाखवले, आणि तासभर हसून पोट दुखलं. निवृत्त तलाठी असलेल्या तात्यांच्या मते डोरियननं त्या पोरांच्या इस्टेटी लिहून घेतल्या होत्या. तपासायला सांगितल्यावर त्यांनाच सापडलं की डोरियनकडे वारशानं आलेला पैसा भरपूर आहे, त्याला कुणाच्या सातबाऱ्याची गरज नाही. नर्सला रोग दिसला होता, अफू आणि रोग. पुस्तकात अफूचा अड्डा खरंच आहे आणि सिंगलटन तिथेच सापडतो, म्हणून तिचा अर्धा रकाना बरोबर ठरला. परीक्षेवाल्या मुलाला जुगाराची कर्जं दिसली. कॉलेजात शिकवणाऱ्या बाईंना पुरुषा-पुरुषांमधलं प्रेम दिसलं, आणि १८९० च्या लंडनमधल्या वाचकांनाही तेच दिसलं होतं. 'स्कॉट्स ऑब्झर्व्हर'नं तारखात्याच्या पोरांचा उल्लेख करून आदल्या वर्षी गाजलेल्या क्लीव्हलँड स्ट्रीटवरच्या पुरुष-वेश्यागृहाच्या प्रकरणाकडे सरळ बोट दाखवलं होतं. मावशींच्या रकान्यात होतं, 'विश्वासानं सांगितलेलं चारचौघांत बोलला असेल.' त्यावर कुणी हसलं नाही.

हे झाल्यावर वाइल्डचं त्याच 'स्कॉट्स ऑब्झर्व्हर'ला जुलै १८९० मध्ये लिहिलेलं पत्र वाचायचं, आधी नाही. डोरियन ग्रेमध्ये प्रत्येकाला स्वतःचं पाप दिसतं, असं तो त्यात म्हणतो. डोरियनची पापं कोणती हे कुणालाच माहीत नाही, ज्याला ती सापडतात त्यानंच ती सोबत आणलेली असतात.

पत्र चलाख आहे. मी त्यावर पूर्ण विश्वास ठेवत नाही, कारण लिहिणाऱ्याला काय लपवायचं होतं, म्हणजे त्याचे पुरुषांशी असलेले संबंध, हे आज आपल्याला माहीत आहे. आणि हा रकाना भरण्याचा खेळ त्याच्यावरच उलटला. १८९५ च्या एप्रिलमध्ये वाइल्डनं मार्क्वेस ऑफ क्वीन्सबरी या उमरावावर बदनामीचा खटला चालवला, तेव्हा समोरच्या बाजूचे वकील एडवर्ड कार्सन यांनी ओल्ड बेलीच्या कोर्टात हीच कादंबरी हातात घेऊन, मासिकातले उतारे वाचून त्याची उलटतपासणी केली. कादंबरीतल्या चित्रकाराला त्या मुलाबद्दल जे वाटतं ते तुम्हाला कधी वाटलंय का, असा एकूण रोख. तो खटला वाइल्डला मागे घ्यावा लागला, त्याच्यावरच खटले उभे राहिले आणि मे महिन्यात त्याला दोन वर्षं सक्तमजुरी झाली. कोर्टानं भरलेला तो रकाना तुमच्या कागदाशेजारी ठेवून बघा. तुमच्या पानात 'समाज' हा शब्द येणारच असेल तर इथे येऊ द्या, त्याला इथे काहीतरी काम आहे.

सिबिलला तिच्या घरी जाऊन भेटा

सिबिल व्हेनवर लिहिताना बहुतेक जण डोरियनच्या तोंडून ऐकलेली सिबिल लिहितात, कारण आधी ती आपल्याला तशीच भेटते. पाचवं प्रकरण वेगळं काढून वाचा. हे १८९१ मध्ये घातलेलं आहे. त्यात तिची आई आहे, ऑस्ट्रेलियाला निघालेला भाऊ आहे आणि थिएटरवाल्याकडून घेतलेले पन्नास पौंड आहेत. मुलगी सतरा वर्षांची, लग्न ठरल्याच्या आनंदात आहे आणि तिला मुलाचं नाव माहीत नाही. ती त्याला 'प्रिन्स चार्मिंग' म्हणते. मग सातवं वाचा, ती ज्युलिएटचं काम मुद्दाम नाही पण वाईट करते आणि तो तिला सुनावतो की मी तुला प्रसिद्ध केलं असतं, जगानं तुझी पूजा केली असती, तू माझं नाव लावलं असतंस. कोणतं नाव? तिला तोवर फक्त 'डोरियन' एवढंच ठाऊक होतं!

त्या थिएटरवाल्याबद्दलही लिहा. तो ज्यू आहे आणि डोरियन त्याचं वर्णन जितक्या किळसवाण्या शब्दांत करता येईल तितकं करतो. पात्राचं मत वेगळं आणि लेखकाचं वेगळं असं म्हणून सुटता येतं, पण मला तिथे सुटल्यासारखं वाटत नाही, कारण पुढेही पुस्तक त्या माणसाच्या बाजूनं फारसं उभं राहत नाही. आवडलेल्या पुस्तकात जे खटकलं ते सभ्यपणे गाळायचं नसतं.

बोध शेवटच्या आरशापाशी तपासा

आता तिसरा थांबा. एकोणिसाव्या प्रकरणात डोरियन सांगतो की मी आता सुधारतोय. हेटी मर्टन नावाची खेड्यातली मुलगी त्याच्याबरोबर पळून यायला तयार होती, त्यानं तिला सोडून दिलं. इथे थांबून लिहा की तुम्हाला बरं वाटलं का. आमच्यातल्या जवळपास सगळ्यांना वाटलं होतं.

मग विसावं. तो वर जातो, कशासाठी? चित्र जरा बरं दिसतंय का ते बघायला. चित्र बरं झालेलं नसतं, डोळ्यांत लबाडी आणि ओठांपाशी ढोंग्याची सुरकुती नव्यानं आलेली असते. माझ्या दृष्टीनं पूर्ण कादंबरी या एका सुरकुतीसाठी लिहिली आहे. चांगलं वागून लगेच आरशात बघायला गेलेला माणूस. त्याच्या थोडं आधी त्यानं हेन्रीनं दिलेला आरसा जमिनीवर आपटून टाचेखाली चिरडलेला असतो. काचेचा आरसा फोडला आणि दुसरा बघायला जिना चढला.

'वाईटाचा शेवट वाईट' एवढंच तुमच्या पानात असेल तर हेटी कुठे बसते ते सांगावं लागेल. वाइल्डला स्वतःलाही विचारलं गेलं होतं. अति भोग आणि अति त्याग दोन्ही आपापली शिक्षा घेऊन येतात, असा बोध त्यानं 'सेंट जेम्सेस गॅझेट'ला पत्रातून सांगितला, आणि बोध असणं हा या पुस्तकातला एकमेव दोष आहे अशी पुस्तीही जोडली. भोग दिसतोच, पण त्याग कुणी केला? याचं उत्तर शोधलंत तर पान आपोआप भरेल. मला विचाराल तर बेसिल.

सिनेमा पाहायचा असेल तर १९४५ चा पाहा, पण पान लिहून झाल्यावर. सिनेमा कृष्णधवल आहे आणि चित्र तेवढं रंगीत येतं. आयव्हन ऑलब्राइट यांनी रंगवलेलं ते सडलेलं चित्र आज शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहे. फोटोग्राफर म्हणून मी ती रीळ दहादा मागे-पुढे केली असती. मात्र ते एकदा बघितलं की तुमच्या मनातलं चित्र पुसलं जातं. कादंबरीत वर्णन फार थोडं आहे: ओठ, हात, हातावरचा लाल ओलसर डाग. बाकीचं तुमचं.

पान लिहिताना

सुरुवात प्रसंगापासून करा. 'ही कादंबरी एकोणिसाव्या शतकातील' इथून नको. पाठपोट एक पान पुरे. कथा सांगू नका, ऐकणाऱ्यांनी वाचलेली आहे. तुमच्या कामातलं, घरातलं काही आठवलं तर येऊ द्या, पण त्यानं पुस्तकातली एखादी ओळ जास्त नीट दिसायला हवी, नाहीतर ती नुसती आठवण झाली. माझं पान नमुन्याला देतो. हे दुसऱ्या वाचनाचं आहे.

'दुसऱ्या प्रकरणात बेसिल रंगवतोय, डोरियन चौथऱ्यावर उभा आहे आणि हेन्री बोलतोय. बेसिल शब्दही ऐकत नाही. त्याला फक्त एवढं कळतं की पोराच्या चेहऱ्यावर कधी न पाहिलेला भाव आला आहे. डोरियन गोंधळून थांबा म्हणतो. बेसिल खूश. किंचित उघडे ओठ, डोळ्यांतली चमक, जे हवं होतं ते मिळालं, हेन्री काय बोलला ते मला माहीत नाही पण त्यानं काम केलं, असं तो म्हणतो.

मला बेसिल चांगला माणूस वाटायचा. खून त्याचा होतो, प्रार्थना कर असं तो डोरियनला सांगतो, चित्र फाडायला तोच आधी सुरी उचलतो. पण चौथऱ्यापाशी तो जे करतो ते मी ओळखतो. स्टुडिओत मुलगी फोटोला बसते, चेहरा कोरा असतो. मागे उभी असलेली आत्या काहीतरी बोलते, बहुतेक रंगाबद्दल नाहीतर नाकाबद्दल, आणि मुलीच्या डोळ्यांत एकदम पाणी चमकतं. त्या क्षणी बटण दाबलं की फोटो सुंदर येतो. आत्याला गप्प बसा म्हणायला फोटो झाल्यावरही वेळ असतो. फोटो झाल्यावर आपण पुढच्या गिऱ्हाइकाला बोलावतो.

चित्रात ते विष पहिल्या दिवसापासून आहे. ओठ किंचित उघडे का आहेत हे त्या चित्राला माहीत होतं. पुढे तेच ओठ आधी बदलतात. मी तुझी फार पूजा केली, त्याची शिक्षा मला मिळाली, असं बेसिल तेराव्या प्रकरणात म्हणतो. मला वाटतं तो इथेही स्वतःला जरा सवलत देतोय. पूजा करणाऱ्यानं ऐकायला काय हरकत होती?

शेवटी दार उघडत नाही म्हणून नोकर छपरावरून खिडकीतून आत येतात आणि जमिनीवरच्या सुरकुतलेल्या प्रेताची ओळख अंगठ्यांवरून पटते. चेहऱ्याचा उपयोग होत नाही.'

या पानाला बाईंनी हरकत घेतली की बेसिलला फार झोडपलंय, हेन्री सुटला. घ्यावीच अशी हरकत. मी पान बदललं नाही, त्यांची हरकत खाली लिहून ठेवली.

बैठकीत

पानं नाव न घालता गोळा करा, नीट मिसळा आणि ज्याच्या हाती जे येईल ते त्यानं मोठ्यानं वाचायचं. स्वतःचं पान दुसऱ्याच्या आवाजात ऐकलं की कुठे आव आणलाय ते ज्याचं त्याला कळतं. पापांचे रकाने मात्र गोळा करायचे नाहीत. ते ज्याचे त्याच्या खिशात, वाचायचे असतील तर त्यानंच वाचायचे. एकदा आमच्याकडे एका पाहुण्यानं शेजाऱ्याचा कागद गंमत म्हणून ओढला, तेव्हापासून हा नियम आहे.

डोरियनचं लैंगिक आयुष्य हा विषय निघाला की काही जण चहाकडे बघायला लागतात. बघू द्या. पण वाइल्डचा तुरुंगवास चर्चेत आला आणि कुणी 'शेवटी भोगलं ना' म्हणालं, तर तिथे थांबवून विचारा की हे वाक्य कादंबरीतल्या कोणत्या पात्राच्या तोंडी शोभेल. वाद घालत बसण्यापेक्षा हे बरं पडतं, पुस्तक उघडावं लागतं.

दोन तासांपेक्षा जास्त नको. पुस्तक आवडलं नाही असं कुणी म्हटलं तर त्याला पटवायला जाऊ नका, पान क्रमांक विचारा. तात्यांनी सांगितला होता, अकराव्या प्रकरणातलं भरतकाम. तिथून पुढे त्यांनी वाचलंच नव्हतं, आणि तरीही कोर्टाच्या भागावर सगळ्यात जास्त तेच बोलले.